सोलापूरच्या डॉक्टरची चिनी समाधी

पेपरमधलं निधनवार्तांचं पान आपल्याकडे घरोघरी वाचलं जातं, आणि बायका ते जरा जास्तच बारकाईनं वाचतात. कोण गेलं हे तर कळतंच. पण मागे कोण कोण आहे, सुनांची नावं घातलीत का, लेकी-जावयांना शेवटी ढकललंय का, हे सगळं डोळ्यांखालून जातं. नावाच्या आधी काय लावलंय तेही आपण बघतो. कुणी कैलासवासी, कुणी वैकुंठवासी, कुणी नुसतं स्वर्गीय. नागपुरात बौद्ध घरांत कालकथित लिहितात, मुसलमान घरांत मरहूम. सांगायचं एकच असतं की माणूस गेलं. पण शब्द चुकला किंवा एखादं नाव राहिलं, तर पुढे कित्येक दिवस त्याचीच चर्चा चालते.

आपला हा मजकूर निदान कागदावर असतो. दुसऱ्या दिवशी त्या पेपरची रद्दी होते. चिनी लोकांना मात्र हाच मजकूर दगडावर कोरावा लागतो, आणि तो तीन-चार पिढ्या तसाच राहतो. म्हणून तिथे समाधीच्या दगडावर काय लिहायचं याला पूर्वीपासून फार महत्त्व. अक्षरं वरून खाली, उभ्या ओळींत. मधली ओळ सगळ्यांत मोठी, तिथे गेलेल्या माणसाचं नाव. एका बाजूला जन्म आणि मृत्यूची तारीख, दुसऱ्या बाजूला खाली, बारीक अक्षरांत, दगड उभारणाऱ्यांची नावं. मुलगे, सुना, नातवंडं, सगळे मानाच्या क्रमानं. आपल्या शोकाकुल यादीसारखंच म्हणा ना! विशेषतः दक्षिण चीनमध्ये आणि परदेशात जाऊन राहिलेल्या चिनी घरांत दगडाच्या माथ्यावर मूळ गावाचं किंवा प्रांताचं नावही कोरतात. घर सोडून पिढ्या झाल्या तरी मेल्यावर माणूस कुठला, ते लिहिलंच पाहिजे.

मधल्या ओळीत नुसतं नाव लिहून भागत नाही. नातं लिहावं लागतं. जिवंत वडिलांसाठी एक शब्द, गेलेल्या वडिलांसाठी दुसरा, गेलेल्या आईसाठी तिसरा. दगड जणू मुलाच्या तोंडून बोलत असतो, की हे माझे वडील, ही माझी आई. काही भागांत तर अक्षरंसुद्धा मोजतात. जन्म, जरा, व्याधी, मरण, दुःख असे पाच शब्द घोळवत एकेक अक्षर मोजायचं आणि शेवटचं अक्षर जन्मावर किंवा जरेवर पडेल अशी ओळ बसवायची. मरणावर किंवा दुःखावर पडलं तर एखादं अक्षर वाढवायचं, नाहीतर कमी करायचं. दीक्षाभूमीच्या नागपूरला हे पाच शब्द काही नवीन नाहीत. बुद्धाचा विचार चीनमध्ये गेला आणि दगडावरची अक्षरं मोजायच्या कामीही आला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चीनमधल्या एका समाधीखाली आपला एक मराठी डॉक्टर आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ३२, आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. अशा माणसाच्या दगडावर काय लिहायचं? गाव कुठलं सांगायचं, नाव कुठलं कोरायचं, आणि नातं काय लावायचं? या प्रश्नांची उत्तरं बघत गेलं, की त्यांचं सगळं आयुष्यच समोर येतं.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. दोन भाऊ, पाच बहिणी असं भरलेलं मध्यमवर्गीय घर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते १९३६ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. सरळ चाललेलं आयुष्य होतं. प्रॅक्टिस, लग्न, घर, असंच पुढे झालं असतं.

पण १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ च्या जूनमध्ये देशाला आवाहन केलं. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशानं वर्गणी काढून २२ हजार रुपये जमवले, एक रुग्णवाहिका दिली आणि पाच डॉक्टर निवडले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. ते आधी स्पेनच्या लढाईत जखमींची सेवा करून आलेले. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. सोलापूरचे कोटणीस. आणि मैत्रिणींनो, पाचवे होते आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर! पथकाचं उपप्रमुखपद त्यांच्याकडे होतं. नागपूरच्या नव्या पिढीला हे नाव फारसं माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. सप्टेंबरच्या मध्यावर ती कँटनला लागली. पुढे हांकौ, मग चुंगकिंग, असा मजल-दरमजल प्रवास. शहरं एकामागून एक जपान्यांच्या हाती पडत होती आणि हे पाचजण जखमींवर उपचार करत आत आत सरकत होते.

चुंगकिंगला एक गोष्ट घडली. ती तेव्हा किरकोळ वाटली असेल. शांतिनिकेतनात टागोरांच्या चीना भवनाचं काम बघणारे चिनी प्राध्यापक तान युन-शान तिथे होते. त्यांनी या पाचही डॉक्टरांना चिनी नावं दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी एकच अक्षर, ह्वा. ह्वा म्हणजे चीन. चोळकरांच्या नावामागेही ते लागलं. कोटणीसांचं आडनाव चिनी अक्षरांत बसवताना आधी के-दी-नी-सी असं झालेलं होतं. त्यातले शेवटचे दोन आवाज काढून तिथे ह्वा बसवला आणि ते झाले के दीह्वा.

चिनी नावात प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. के हे आडनाव. दी हे एका फुलझाडाचं नाव, आणि ह्वाचा जुना अर्थ फुलोरा असाही आहे. चीनच्या अतिप्राचीन काव्यसंग्रहात भावाभावांच्या प्रेमाची एक कविता आहे आणि तिची सुरुवातच या झाडाच्या फुलोऱ्यानं होते. त्यामुळे ते झाडच तिथे बंधुप्रेमाची खूण मानलं जातं. धाकट्या भावाला पत्र लिहितानाही हे अक्षर वापरत. म्हणजे शिकल्यासवरल्या चिनी माणसानं दीह्वा हे नाव वाचलं, की त्याला चीनही दिसणार आणि भाऊही आठवणार. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहितात, तसंच हेही म्हणायचं. फरक इतकाच की इथे नाव बदललं ते पुरुषाचं, आणि सासर मिळालं ते अख्खा देश!

याच दिवसांत सोलापूरहून बातमी आली, वडील गेले. चीनला जायचं ठरल्यावर पाठीशी उभे राहिलेले वडील. सोबतच्यांना वाटलं, आता हा परत जाणार. जुन्या चीनमध्ये वडील गेले तर मोठ्या सरकारी अधिकाऱ्यालाही पद सोडून गावी जावं लागे आणि सव्वादोन वर्षं दुखवटा पाळावा लागे. मुलानं वडिलांच्या मातीला हजर नसणं यासारखं दुसरं लांच्छन नव्हतं. त्यामुळे कोटणीसांनी न परतण्याचं ठरवलं, तेव्हा त्याचं वजन भोवतीच्या चिनी लोकांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. सोलापुरात मात्र ते कसं पचवलं गेलं असेल, हे प्रत्येक आईनं आपल्या मनाशी ताडून पाहावं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. माओ आणि त्यांच्या साथीदारांचं हे ठाणं. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये दवाखाने. तब्येतीनं साथ न दिल्यामुळे डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी परतले. पुढच्या वर्षी डॉ. अटलही. उरले दोघे, बसू आणि कोटणीस. ते थेट आघाडीवर, शत्रूच्या वेढ्यातल्या डोंगराळ मुलखात गेले.

याच मुलखात त्यांच्याआधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. १९४० च्या उन्हाळ्यात त्यांच्या समाधीचा कार्यक्रम झाला. कोटणीस त्याला हजर होते. त्याच गर्दीत एक चोवीस वर्षांची तरुणीही होती, ग्वो चिंगलान. शान्सी प्रांतातली, पेकिंगला नर्सिंग शिकलेली. दोघांची पहिली भेट ही अशी, एका परदेशी डॉक्टरच्या समाधीपाशी झाली. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीतरीच!

सिनेमावरून आठवलं. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी काढला. ते स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाईंनी चिंगलान केली. पूर्वी दूरदर्शनवर हा सिनेमा लागला की आजी-आई हातातलं काम टाकून बसायच्या. तो गाजला, आणि म्हणून कोटणीस हे नाव घरोघरी पोचलं हेही खरं. पण खरी चिंगलान ही नुसती नायिका नव्हती. ती नर्सिंगची शिक्षिका होती. लढाईच्या धामधुमीत खेड्यातल्या मुलींना परिचारिका करण्याचं काम तिनं केलं होतं.

१९४० च्या उत्तरार्धात त्या भागात चिनी फौजांनी मोठी मोहीम काढली. दोन आठवड्यांत आठशेच्या वर जखमी कोटणीसांच्या पथकाकडे आले आणि त्यांतल्या पाचशेहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. एकदा तर सलग ७२ तास डोळ्याला डोळा न लावता ते शस्त्रक्रिया करत होते. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावानं चाललेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तोवर चिनी भाषा इतकी आत्मसात केलेली, की विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवायचे आणि शस्त्रक्रियेवर चिनी भाषेत पुस्तक लिहायचे. एक पूर्ण झालं. दुसरं अर्ध्यावरच राहिलं. सैनिक त्यांना लाओ के म्हणायचे. लाओ म्हणजे म्हातारा. तिशीतल्या माणसाला म्हातारा म्हणायचं ही तिथली मायेची रीत, आपण लहानग्या पोराला आजोबा म्हणतो तशी.

२५ नोव्हेंबर १९४१ ला दोघांचं लग्न झालं. चिंगलान लग्नानंतरही ग्वोच राहिल्या.

इथे जरा थांबून दगडाकडे परत जाऊ, कारण बायकांच्या नावाचं तिथेही काही बरं नव्हतं. जुन्या चिनी समाध्यांवर पुरुषाचं पूर्ण नाव असायचं. बाईचं मात्र नुसतं आडनाव. चांग घरात दिलेली ली घराण्यातली, एवढंच. तिचं स्वतःचं नाव काय, ती घरात कुठल्या हाकेला ओ द्यायची, याचा दगडावर पत्ता नाही. वंशावळीच्या वह्यांतही तेच. सासरचं आडनाव आणि माहेरचं आडनाव, या दोन्हींच्या मधली बाई गायब! आपल्याकडे लग्नपत्रिकेत सौ. व श्री. अमुक अमुक असं छापतात आणि त्यातल्या सौ.चं नावच नसतं, ती त्याचीच बहीण. चीनमध्ये आता हे बदललंय. बायका लग्नानंतर आपलंच आडनाव ठेवतात आणि दगडावरही त्यांचं पूर्ण नाव येतं. पण १९४० च्या सुमारास, खेडोपाडी, ग्वो चिंगलान हे पूर्ण नाव घेऊन शिक्षिका म्हणून उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती.

२३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. तिथले सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचं नाव सुचवलं, यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. ऐकायला फार गोड. पण जुन्या चिनी रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावातलं अक्षर मुलाच्या नावात घालत नसत. वडिलांचं नाव उच्चारायचंही नाही, मग ते मुलाला लावायचं कसं? आपल्याकडे नेमकं उलट. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आलंच पाहिजे. या बाळाच्या नावात बापाचं ह्वा आलं. चिनी रीत मोडली आणि नकळत मराठी रीत पाळली गेली.

कोटणीसांना तोवर अपस्माराचे झटके यायला लागले होते. फिट्स हो. उपचारासाठी दुसरीकडे जा, मायदेशी जा, असं वरिष्ठांनी सांगून पाहिलं. ते गेले नाहीत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटके सुरू झाले ते थांबेनात. ९ डिसेंबरच्या पहाटे होपे प्रांतातल्या गगुंग नावाच्या खेड्यात ते गेले. चिंगलान तेव्हा सव्वीस वर्षांच्या, मांडीवर साडेतीन महिन्यांचं बाळ. बेथून यांची समाधी होती त्याच परिसरात त्यांना पुरलं.

आता दगडावर लिहायचं होतं. रीतीप्रमाणे मुलानं म्हणायचं, हे माझे वडील. मुलगा तान्हा. आईवडील, भाऊबहिणी हजारो मैलांवर, मध्ये महायुद्ध. रक्ताच्या नात्याचं दगड उभारणारं कुणी नाही. म्हणून ज्यांच्यासाठी तो माणूस झिजला, त्यांनीच तो मजकूर लिहायचा. आणि त्यांना तर त्या माणसाशी असलेलं स्वतःचं नातं आधी ठरवावं लागणार.

येनानला डिसेंबरअखेर शोकसभा झाली. तिच्यासाठी माओंनी आपल्या हस्ताक्षरात चार ओळी लिहिल्या. त्यातला आशय साधा आहे. दुरून आलेला हिंदी मित्र, त्यानं पाच वर्षं जखमींची सेवा केली, कामाच्या अतिश्रमानं गेला. सैन्याचा जणू एक हात गेला आणि राष्ट्राचा मित्र. परक्यांसाठी झिजण्याची त्याची वृत्ती आपण विसरता कामा नये. बस्स. ना हुतात्मा, ना महात्मा, ना देवमाणूस. हात आणि मित्र. मला विचाराल तर सगळ्यात भारी हेच, कारण हे दोन्ही शब्द नात्याचे आहेत. भाऊ म्हणणं सोपं होतं, नावातच ते होतं. पण भावाला कर्तव्य चुकत नाही. मित्रानं केलं नसतं तरी चाललं असतं.

त्या पाच वर्षांचीही गंमत आहे. सप्टेंबर १९३८ ते डिसेंबर १९४२, म्हणजे आपल्या हिशेबानं सव्वाचार वर्षं झाली. पण जुन्या चिनी रीतीनं मोजलं तर अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, ही पाच होतात. वयही तिथे असंच मोजत. जन्मलेलं मूल पहिल्याच दिवशी एक वर्षाचं आणि नवीन वर्ष लागलं की दोन वर्षांचं. समाधीच्या दगडांवरची वयं आपल्याला एक-दोन वर्षांनी जास्त दिसतात, ती त्यामुळेच.

समाधीसाठी मजकूर दिला तो चू तेह यांनी. डॉक्टर पाठवा म्हणून नेहरूंना पत्र लिहिणारे तेच हे सेनापती. पत्र लिहिलं तेव्हा डॉक्टर मागितला होता, आता त्याच्या दगडावरची अक्षरं लिहायची वेळ आली. त्यांनी लिहिलं ते असं, की हा माणूस गंगेच्या काठी वाढला, चीनच्या उत्तर सरहद्दीच्या मुलखात लढला आणि त्याच्या सेवेचा उजेड दोन्ही मोठ्या राष्ट्रांवर पडला.

गंगेच्या काठी! सोलापूरचं कुणी हे वाचून हसेल. सोलापूरजवळ सीना आहे, थोडं पुढे भीमा. गंगा कुठे आणि सोलापूर कुठे! पण दगडावर माणसाचं गाव आलंच पाहिजे ही तिथली रीत, आणि सोलापूर हे नाव चिनी खेडुताला काय सांगणार? गंगा मात्र त्याला ठाऊक. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून ती त्यांच्या बोलण्यातही उतरली आहे. अगणित म्हणायचं असेल तर ते गंगेच्या वाळूइतकं म्हणतात. म्हणजे बुद्धाचा देश सांगायला हाच शब्द जवळचा. शिवाय आपण तरी काय करतो? गोदावरीला गंगा म्हणतो, वैनगंगेच्या नावातच ती आहे, आणि घरच्या नळाच्या पाण्यानं अंघोळ करतानाही हर गंगे म्हणतो. तेव्हा भूगोलाच्या पेपरात चू तेह यांचे मार्क कापले जातील, दगडावर मात्र कापू नयेत असं मला वाटतं.

या सगळ्यात चिंगलान कुठे होत्या? सैन्याचा, राष्ट्राचा मजकूर दगडावर आला. नवरा म्हणून, बाप म्हणून तो कोण होता हे सांगणं त्यांच्या वाट्याला आलं, तेही दगडावर नाही, आयुष्यभर तोंडानं. चिनी समाध्यांवर अजूनही एक पद्धत अनेक ठिकाणी दिसते. जोडप्यातलं एक गेलं की दगडावर दोघांचीही नावं कोरून ठेवतात, पण मागे राहिलेल्याचं नाव लाल रंगात रंगवतात. लाल म्हणजे हे माणूस अजून आहे. ते गेलं की लाल रंग काढायचा. आपल्याकडे नवरा गेला की बायकोचं लाल कुंकू पुसायचे. तिथे तोच रंग बाई जिवंत असल्याची खूण.

चिंगलान नवऱ्यामागे सत्तर वर्षं जगल्या. मुलगा यिनह्वा मोठा झाला, वडिलांसारखाच डॉक्टरकी शिकू लागला आणि १९६७ मध्ये, शिक्षण पुरं होता होता, ऐन चोविशीत गेला. चिनी रीतीनं ज्यानं बापाचा दगड उभारायचा, तोही राहिला नाही. चिंगलान यांनी पुढे दुसरं लग्न केलं, दालियन शहरात संसार केला. पण कोटणीस घराशी नातं तोडलं नाही. १९५८ मध्ये त्या पहिल्यांदा भारतात आल्या. सोलापूर-मुंबईच्या कोटणीसांना दीर-नणंदांसारखं भेटल्या. नंतरही अनेकदा आल्या. १९६२ च्या युद्धानं दोन देशांत कडवटपणा आला, तरी ही ये-जा पुन्हा सुरू झालीच. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या बहिणींना, भाचरांना आवर्जून भेटत. आपल्याकडे मात्र खूप काळ डॉक्टर कोटणीस म्हणजे तो जुना सिनेमा, एवढंच होतं. हे जरा टोचतंच.

पुढे १९५० च्या दशकात बेथून आणि कोटणीस या दोघांनाही शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आणण्यात आलं. आज दोघांच्या समाध्या आणि पुतळे तिथेच आहेत. एप्रिलच्या ४-५ तारखेला चिनी लोकांचा छिंगमिंगचा सण येतो. सर्वपित्रीला आपण पान वाढतो, तसं ते त्या दिवशी पूर्वजांच्या समाध्या झाडतात, धुतात, फुलं ठेवतात. हे काम घरच्या माणसाचं. के दीह्वांच्या समाधीवर त्या दिवशी शाळेची मुलं आणि गावातले लोक फुलं वाहतात. शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथे शिकणाऱ्या मुली, बहुतेक परिचारिका होणाऱ्या, त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. चिंगलान यांनी शिकवलेल्या मुलींच्या त्या नाती-पणती म्हणायच्या.

ग्वो चिंगलान २८ जून २०१२ ला दालियनमध्ये गेल्या. वय ९६. त्याच वर्षी १ जानेवारीला सोलापुरात भैया चौकातल्या कोटणीसांच्या जुन्या घरात महापालिकेनं त्यांचं स्मारक सुरू केलं होतं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करताना सोलापूर लागतंच. दर्शनाच्या गडबडीतून तासभर काढा आणि मुलांना घेऊन आत जा. मुलांना आधी सांगून ठेवा, की यांचं आणखी एक नाव आहे आणि त्या नावात एक फुलझाड आहे.